क्विकशिफ्टरचं गाऱ्हाणं

२ नोव्हेंबर, रविवार

जितेंद्रची मोटारसायकल आली. आरोंद्याहून ती टेम्पोत दोऱ्यांनी बांधून आली आणि तिचा नवा मालक, म्हणजे माझा नवरा, टेम्पोवाल्याच्या शेजारी बसून आला.

"चलवीत कित्या नाय हाडलास?" मी विचारलं. एवढी हौस, तर चालवत आणायची.

"धूळ बसली असती गो."

तोंडवलीच्या वाळूत जन्म काढलेला, बावन्न वर्षांचा माणूस. त्याला धुळीचं वाईट वाटलं.

जुनी गाडी एकोणीस वर्षं चालली. तिचा क्लच गेला, असं तो म्हणतो. त्या क्लचची तार बाबली मेस्त्रीने गणपतीआधी नवी घातली आणि "आता धा वर्सां बघूक नको" असं मला तोंडावर सांगितलं होतं. पन्नाशी ओलांडली की पुरुषांना काहीतरी होतं. शेजारच्या होमस्टेवाल्याने केस रंगवले, आमच्या मुख्याध्यापकांनी गिटार आणली. माझ्या वाट्याला मोटारसायकल आली.

माझी शाळा सड्यावर, म्हणजे घाटी चढून वरच्या पठारावर, घरापासून चौदा किलोमीटर. सकाळी वेळेत पोचवेल अशी एसटी नाही. एकोणीस वर्षं जितेंद्र मला सोडतो आणि मग मालवणात जाऊन आपलं दोऱ्या-जाळ्यांचं दुकान उघडतो. म्हणून करार केला. आरोंद्याच्या सुशांतने, म्हणजे ज्याने ही गाडी विकली त्याने, महिनाभराची मुदत दिली आहे; नाही पटली तर परत. मी म्हटलं, तीस तारखेपर्यंत नीट चालली तर ठेवू, नाहीतर परत धाडून स्कूटर घेऊ.

"स्कूटर नको."

"कित्या?"

"स्कूटर घेतलंय म्हणजे संपलाच मगे."

काय संपलं ते काही सांगितलं नाही. वर म्हणाला, गाडी परत गेली तर तो मला सोडायला येणार नाही. सरळ धमकी. मी त्याला मुलांना वही परत करताना हसते तसं हसून दाखवलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

क्विकशिफ्टर म्हणजे काय हे तीन दिवसांत मला इतक्यांदा सांगून झालंय की मी ते सातवीच्या वर्गाला शिकवू शकेन. साध्या गाडीत डाव्या हाताने क्लच दाबायचा, रेस सोडायची, पायाने गिअर टाकायचा, क्लच सोडायचा. ही गाडी एकदा चालती झाली की यातलं काही नाही. रेस धरून ठेवायची आणि नुसता पाय हलवायचा. गिअरच्या दांडीवर करंगळीएवढा सेन्सर आहे. त्याला पायाचा दाब कळतो आणि तो पापणी लवायच्या आत इंजिनचा श्वास अडवून पुन्हा सोडतो. तेवढ्यात गिअर पडतो. चढता-उतरता दोन्हीकडे.

"पण क्लच दाबूक त्रास काय?" मी.

"गरज नाय तर दाबूचो कित्या?" तो.

गाडी अंगणात न ठेवता वर दगडी गडग्याशी, उताराच्या तोंडावर ठेवतो. मी मागे बसायचं, त्याने दोन्ही पायांनी रेटायचं आणि घसरता घसरता गिअरात टाकायची. शाळेशीही उतार बघून आधी इंजिन बंद करतो, मग थांबतो. पेट्रोल वाचतं म्हणे. ज्याने दुप्पट पेट्रोल पिणारी गाडी हौसेने घरात घेतली तो फाटकापुढच्या दहा हातांचं पेट्रोल वाचवतोय. हे अर्थशास्त्र मला कधी कळणार नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

देवळात गाडीचं गाऱ्हाणं घातलं. सासूबाईंचा, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आयेचा, हट्ट. भिकाजी गावकर साठ वर्षं गाऱ्हाणी घालतोय. लग्नाची, होडीची, बोअरवेलची. आज त्याने आधी जितेंद्रला बाजूला घेऊन यंत्राचं नाव दोनदा विचारून घेतलं. देवाला चुकीची माहिती जायला नको.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे.

"आज तुज्या ह्या लेकरान नवी गाडी हाडल्यान हा म्हाराजा. तिका किकसिफ्टर म्हणान कायतरी बसवलेला आसा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेच्यात कोणाची वाकडी नजर पडली आसात, काय चूकभूल झाली आसात, ती बारा वाटेन भायर काढ. नि ह्या लेकराक क्लच न दाबता सुखरूप वर-खाली ने म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून जितेंद्रकडे पाहिलं, तर तो डोळे मिटून, सगळ्यांत मोठ्याने, अगदी मनापासून म्हणत होता. ओवीच्या बारावीच्या वेळीसुद्धा त्याने देवाशी इतकं लावून धरलं नव्हतं. मुलीपेक्षा मोटारसायकल. नोंद करून ठेवते.

८ नोव्हेंबर, शनिवार

आयेने भिकाजीकडून मंतरलेला काळा दोरा आणि बिब्बा आणला. गाडीला बांधायचा. मी म्हटलं, गाठी मारायचं काम तुमच्या लेकाचं. खलाशी त्याच्याकडून गाठी शिकून जातात. तर तो म्हणाला, "तूच बांध. तुज्या हातचो गुण येतलो." बावीस वर्षांत माझ्या हाताला गुण आहे असं पहिल्यांदाच ऐकलं.

आता माझी पंचाईत. मी शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी मुलांकडून अंधश्रद्धेवर नाटुकलं बसवून घेते, त्यात लिंबू-मिरची हे खलनायकाचं पात्र असतं. आणि माझ्याच गाडीच्या दिव्याशी बिब्बा लोंबकळताना मुलांनी पाहिला तर? पण आयेचं मनही मोडवेना. म्हणून कुणाला दिसणार नाही अशी जागा शोधली. डाव्या पायाखाली एक बारीक दांडी आहे. नुसत्या तिच्यावर दोरा सरकत होता, म्हणून दांडी आणि पाय ठेवायचा पाइप एकत्र घेऊन आठ वेढे दिले आणि गच्च आवळला. आये खूश, विज्ञान शाबूत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

गाडी उचक्या देते. परवापासून सुरू झालं. चढावर मधेच श्वास कोंडल्यासारखी गप्प होते, पुन्हा झटका देऊन चालते. गिअर वर टाकला तर पडत नाही. आज घाटीत माझं हेल्मेट तीन वेळा त्याच्या हेल्मेटवर आपटलं. शाळेत पाच मिनिटं उशीर.

"क्लच दाबून टाका ना गिअर," मी मागून म्हटलं.

"मगे क्विकशिफ्टर कित्याक हाडलंय?"

उतरल्यावर पाहिलं तर तो घामाने भिजला होता. हट्टाला एवढी मेहनत लागते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बाबली मेस्त्री आला. बाबली मूळचा होड्यांच्या इंजिनांचा, मोटारसायकली तो उपकार म्हणून बघतो. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टाकी हुंगली आणि निदान केलं, "खारी हवा."

बाबलीकडे कुठल्याही यंत्राचं निदान खारी हवा आणि औषध ग्रीस. दिसेल त्या सांध्यात त्याने ग्रीस चोपडलं. गाडी तळणीत सोडायच्या सुरमईसारखी दिसायला लागली.

"सेन्सराक नको लावू रे," जितेंद्र म्हणाला.

"सेन्सर काय सोन्याचो आसा? तुजी आजी तोंडाक तेल लावी होती मां? नव्वद वर्सां टिकली."

संध्याकाळी गाडी उचक्या देत होती, पण गुळगुळीत.

१६ नोव्हेंबर, रविवार

पुण्याहून ओवीचा व्हिडिओ कॉल. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि बापाची एकमेव वकील आहे. तिने तपासायच्या गोष्टींची यादी पाठवली. मी शिक्षिकेच्या शिस्तीने लाल पेन घेऊन गाडीशी उभी राहिले.

गिअर टाकताना रेस धरलेली असावी. बरोबर. गाडी फार हळू असताना वापरू नये. इथे अर्धा गुण कापला. घाटीत आम्हाला म्हशीसुद्धा मागे टाकतात. पाय सतत गिअरवर टेकवून ठेवू नये, नाहीतर सेन्सरला वाटतं गिअर बदलायचाय आणि तो इंजिनचा श्वास तोडत राहतो. जितेंद्रने पाय टेकत नसल्याची शपथ घेतली. सेन्सरच्या दांडीला कशाचाही दाब किंवा ताण असता कामा नये. आता दांडीला कोण कशाला ताण देईल? बरोबरची खूण केली.

दहापैकी साडेनऊ गुण मिळवून गाडी नापास.

फोन ठेवताना ओवी म्हणाली, "आई, बाबा बारीक झालेत का गो?" मी म्हटलं, गाडीच्या काळजीने. ती हसली नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आयेच्या मते दृष्ट जबर आहे, एका दोऱ्याने भागणार नाही. भिकाजीने बिब्ब्यासकट दुसरा दिला, या वेळी सुती, जाड. मी तोही तिथेच बांधला, पहिल्याच्या वर, ओला करून, म्हणजे सुकल्यावर घट्ट बसेल. उगाच कशाला घरात वाद.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज गाडी घाटीच्या पहिल्या वळणावर जी बसली ती उठली नाही. मी उरलेलं अंतर जांभ्या दगडाचे चिरे नेणाऱ्या ट्रकातून गेले. शाळेत पोचले तेव्हा दुसरा तास चालू होता. एकोणीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

संध्याकाळी मी सरळच बोलले. "दहा दिवस उरलेत. माझ्याने रोज असं होणार नाही. परत धाडूया."

तो चहा पीत होता. हल्ली चहा उजव्या हाताने पितो, तेव्हा वर्तमानपत्र खाली ठेवतो. दोन्ही एकदम करायची सवय गेली. कप ठेवून म्हणाला, "तीस तारीख म्हटलंस मां? तीस म्हणजे तीस."

आवाजात राग असता तर मी भांडले असते. राग नव्हता. दुकान बंद करताना उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाला तो "उद्या येवा" म्हणतो, तसा काहीतरी सूर होता. मला त्याचा अर्थ नीट लावता आला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. ही वही दुसरं कोण वाचणार.

बाबली पुन्हा आला. ओवीने त्याला फोनवर धरून ठेवलं होतं आणि ती सांगेल तिथेच बघायचं, ग्रीसला हात लावायचा नाही, अशी ताकीद दिली होती. बाबली डाव्या बाजूला आडवा झाला, आत बोट घातलं आणि काहीतरी चाचपत राहिला.

"ह्या काय? पावट्याचो वेल?"

सुरी मागितली. ग्रीस पिऊन मातलेले दोन काळे दोरे आणि दोन बिब्बे बाहेर आले. दोऱ्यांनी दांडी पाइपाला ओढून धरली होती. बिचारा सेन्सर पंधरा दिवस समजत होता की मालकाला गिअर बदलायचाय.

"कोणी बांधल्यान?" बाबली.

सगळ्यांनी आयेकडे बघितलं. आये म्हणाली, "माका काय बघतास? माका वाकाक येता काय?"

मी तुळशीला पाणी घालत होते. घालतच राहिले. तुळस बुडायची वेळ आली.

जितेंद्र म्हणाला, "मी बांधलंय."

बाबली इतका हसला की त्याला आधार घेऊन उठवावं लागलं. "मेल्या, जाळ्याच्या गाठी मारून मारून गाडीच जाळ्यात घातलंस?" उद्या मालवण बाजारात ही गोष्ट माशांबरोबर विकली जाणार.

रात्री जेवताना मी म्हटलं, तुम्ही का अंगावर घेतलं? म्हणाला, "तू शाळेतली बाई. तुका लोक हसतले. माका हसान दमले." मग मी त्याच्या पानात दुसरी भाकरी वाढली. एवढंच सुचलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

गाडी चालते. खरोखर चालते. घाटीत पाय हलला की टक्, टक्, टक्, आणि गाडी न अडखळता चढते. कुणी झोपलेल्या मुलाला या कुशीवरून त्या कुशीवर घ्यावं, इतकं हळुवार. मी कबूल करते की आज शाळा लवकर आली असं वाटलं.

जितेंद्र पोरासारखा शीळ घालत होता. शनिवारी पिंगुळीला जायचं ठरवलं. स्नेहसंमेलनासाठी तिथल्या कलाकारांकडून कळसूत्री बाहुल्या आणायच्या आहेत. येऊन-जाऊन मोठी फेरी, म्हणजे गाडीची परीक्षाही होईल. पास झाली तर ठेवायची.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी निघालो. मोकळ्या रस्त्यावर सगळं छान. कुडाळच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं. एक बाजू बंद, लाल निशाण घेऊन एक बाई उभी. सपाट रस्ता. मागे गाड्यांची रांग.

जितेंद्रने सवयीने इंजिन बंद करून गाडी थांबवली. निशाण हललं, तशी त्याने चालू केली. गाडी झटका खाऊन बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. मागून हॉर्न. मी मनात ठरवलंच, संपलं, परत धाडायची, आणि कुठे काय बिघडलं ते बघायला त्याच्या खांद्यावरून वाकले.

त्याचा डावा हात क्लचवर होता. अंगठ्याजवळची दोन बोटं ओढत होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट लिव्हरवर नुसती पडून होती, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी. लिव्हर अर्ध्यावर येई आणि निसटे. मग त्याने रेस सोडली, उजवा हात पलीकडे नेला आणि दोन्ही हातांनी क्लच ओढला. पण रेस द्यायला उजवा हात परत नेला की गाडी बंद.

क्विकशिफ्टर गाडी चालती झाल्यावर मदत करतो. चालती करायला क्लचच लागतो. हे मी तीन आठवडे पाठ केलं होतं. त्याचा अर्थ मला त्या लाल निशाणापाशी कळला.

मागचा जीपवाला खाली उतरून आला. "काय झाला हो?"

जितेंद्रची मान ताठ झाली. मी उतरले आणि म्हटलं, "गाडी बिघडली आसा. जरा बाजूक घेवक मदत करा."

आंब्याखाली गाडी लावली. मी पाण्याची बाटली दिली. तो उजव्या हाताने प्यायला.

"कधीपासून?"

"गणपतीच्या चवतीपासून. आधी मुंग्या येय होत्यो."

"आणि सांगूक काय झाला?"

"सांगलंय असतंय तर तू स्कूटर हाडली असतंस."

"मगे?"

"मगे ती तूच चलवली असतंस." तो रस्त्याकडे बघत होता. "माजा काय काम रवला असता सकाळी?"

मी त्याचा हात मांडीवर घेतला. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात, जिथे मांसल उंचवटा असायचा, तिथे खळगा पडला होता. बावीस वर्षांची ओळख असलेला हात. मुलांच्या वहीतली वेलांटी चुकली तर मला लांबून दिसते.

बाहुल्या राहिल्या; रस्त्यावरचे कामगार मागून रेटून द्यायला मोकळे होईपर्यंत तिथेच बसलो. निशाणवाल्या बाईने आपल्या चहातला अर्धा चहा आणून दिला आणि म्हणाली, "नवी गाडी अशीच करता." आम्ही दोघांनी मान डोलावली.

३० नोव्हेंबर, रविवार

सुशांतचा फोन आला. मीच घेतला.

"काय ठरला वहिनी? परत धाडतास?"

"नाय. दोष होतो, तो गावलो. ठेवतंव."

"खंय होतो?"

"बांधाबांधीत," मी म्हटलं.

४ डिसेंबर, गुरुवार

कुडाळचे डॉक्टर. हात वाकवून, टोचून, तारा लावून तपासलं. कोपरातली नस दबली आहे. त्यांनी धंदा विचारला, मग दुकानात बसायची पद्धत. तीस वर्षं डावं कोपर गल्ल्याच्या लाकडावर टेकून गिऱ्हाइकाची वाट बघितली त्याचं हे फळ. कोपर टेकायचं नाही, रात्री पट्टा बांधायचा, दोन महिन्यांनी पुन्हा बघू, नाहीतर छोटं ऑपरेशन. ताकद येईल, पण वर्ष लागेल, आणि सगळी येईलच असं नाही.

जितेंद्रने एकच प्रश्न विचारला, "पायाक काय नाय मां?" डॉक्टर गोंधळले. मी म्हटलं, त्यांच्या गाडीचे गिअर पायात आहेत.

घरी आल्यावर स्कूटर हा शब्द कुणीच काढला नाही. मी तर मुळीच नाही.

१४ डिसेंबर, रविवार

या आठवड्यात मला शिकाऊ परवाना मिळाला. सेहेचाळीस वर्षांच्या बाईला परीक्षेत वाहतुकीच्या खुणा विचारतात आणि ती दोन चुकते, हे माझ्या विद्यार्थ्यांना कळू नये. ओवीने नियम शोधून धाडला: शिकणाऱ्याच्या मागे शिकवणारा परवानाधारक बसू शकतो. जितेंद्रने तो तीनदा वाचला आणि तिसऱ्यांदा आयेला मोठ्याने वाचून दाखवला.

त्याचं शिकवणं असं. पहिला नियम, क्विकशिफ्टरला पाय लावायचा नाही. "आधी क्लच शीक. फुकटचा मगे."

"क्लच जड आसा."

"तुका झेपता. माका दिसता मां मागसून."

सड्याच्या सपाटीवर पंधरा वेळा बंद पडली. सोळाव्यांदा चालली. आये म्हणते गाऱ्हाणं घालूया. भिकाजी तयार आहे, फक्त या वेळी देवाला काय सांगायचं ते नीट लिहून दे म्हणाला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आज पहिल्यांदा शाळेपर्यंत मी चालवली. घाटीत दुसऱ्या गिअरवरच. म्हशींनी मागे टाकलं. जितेंद्र मागे बसून माझ्या कानात प्रत्येक वळण आधी सांगत होता, जणू एकोणीस वर्षं मी डोळे मिटून जात होते. कदाचित जातही असेन.

फाटकाशी मी क्लच दाबून, इंजिन चालू ठेवून थांबले. मुलं गोळा झाली.

"बाई, आज तुम्ही चलवलात?"

मी हेल्मेट काढेपर्यंत उत्तर मागून आलं.

"मी बाईंका सोडूक इलंय," जितेंद्र म्हणाला. उतरला, माझी पिशवी माझ्या हातात दिली आणि मालवणकडे जाणारा चिऱ्याचा ट्रक अडवायला रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला.